हौशीरामभाऊंचा एक टक्का

बारशाला आत्याबाई कानात जे नाव सांगते, ते माणसाला लागू पडतंच असं नाही. लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या हौशीरामभाऊंच्या बाबतीत तर आत्याबाईचा नेम फारच चुकला होता. या माणसाला हौस म्हणून कसलीच नव्हती. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, उरुसातला गोळासुद्धा नाही. ज्या भुशीच्या धरणावर पाय भिजवायला मुंबई-पुण्याची माणसं गाड्यांच्या रांगा लावतात, ते धरण सायकलच्या पल्ल्यात असूनही त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, लग्नानंतर अकरा वर्षांनी पाहिलं. तेही भाऊंचे साहेब सहकुटुंब आले होते आणि त्यांना वाट दाखवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून. परत येताना भाऊ म्हणाले होते, "पाणीच हाय. आपल्या पन्हाळीतनं पडतंय त्येच."

तळेगावच्या एका कारखान्यात भाऊंनी उभी नोकरी स्टोअर सांभाळण्यात घालवली. नवा हातमोजा हवा असेल तर जुना आणून दाखवायचा, हा त्यांचा कायदा. कामगारानं जोडी आणली की भाऊ दोन्ही मोजे उजेडात धरून बघायचे आणि ज्याला भोक पडलं असेल तेवढा एकच बदलून द्यायचे. त्यामुळं कारखान्यात कित्येकांचा उजवा हात नवा आणि डावा जुना असायचा. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी वर्गणी काढून त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाऊंनी हात जोडून आभार मानले आणि घड्याळाचं बिल कुणाकडं आहे ते विचारून घेतलं. वॉरंटीसाठी.

मग ते घरी बसले. खाचरातलं भाताचं काम सकाळी उरकायचं. दुपार मात्र जाता जायची नाही. ओटीवर खुर्ची टाकून ते रस्त्याकडं बघत बसायचे. रस्त्यानं माणसं जायची, रामराम घालायची आणि पुढं जायची. कुणाचं त्यांच्याशी वाकडं नव्हतं. पण भाऊंकडं जावं, असं कुणाला काही कारणही नव्हतं. शालूबाईंचं तसं नव्हतं. त्या कुंपणाला टेकून अर्ध्या गावाशी बोलायच्या. बायका कुंपणापर्यंत यायच्या आणि ओटीवर भाऊ दिसले की आवाज बारीक करायच्या.

असंच एकदा मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला भाऊ लोणावळ्याला बँकेत गेले. तिथं तेजल नावाची नवीन मुलगी होती. महिन्याला इतकी कार्डं खपवायची असं तिला वरून सांगितलेलं होतं, आणि सकाळपासून एकही खपलं नव्हतं. तिनं भाऊंना पाणी दिलं आणि ठेवीवर मिळणाऱ्या क्रेडिट कार्डाची गोष्ट काढली. भाऊंनी उधारी म्हणून हात झटकला. तेव्हा तेजलनं धीरानं समजावलं की महिन्याचे पैसे महिन्याला पुरते भरले तर व्याज लागत नाही, उलट जे काही खर्च कराल त्यातला एक टक्का बँक तुम्हाला परत देते.

"परत" या शब्दाला भाऊ थबकले. उभ्या नोकरीत "परत आणून देतो" म्हणून लोकांनी नेलेले पाने, पकडी आणि टेप त्यांना आठवत होत्या. त्यातलं काहीही सरळपणानं परत आलेलं नव्हतं. आणि इथं एक बँक आपण होऊन परत देऊ म्हणत होती.

त्यांनी खोदून खोदून विचारलं. पहिल्या वर्षी शुल्क नाही. दुसऱ्या वर्षापासून साडेसातशे अधिक कर. मात्र वर्षात दीड लाखाचा खर्च कार्डावरून झाला तर तेही माफ. दीड लाख ऐकून भाऊंना हसू आलं. एवढा खर्च आपल्या हातून व्हायला आणखी एक जन्म लागेल, असं त्यांनी तेजलला सांगितलं. पण पहिलं वर्ष फुकट होतं. फुकटातलं वर्ष वापरायचं आणि शुल्क लागायच्या आधी कार्ड बँकेच्या टेबलावर ठेवून यायचं, असा बेत करून त्यांनी सही केली. शिवरात्रीच्या आसपास अर्ज दिला आणि होळीला कार्ड टपालानं हातात आलं.

पहिलं बिल त्यांनी घरच्या लाईटचं भरलं. अपेक्षानं, म्हणजे त्यांच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं, फोनमध्ये सगळं बसवून दिलं होतं. पुढच्या महिन्यात सहा रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. भाऊ तो घेऊन चुलीपाशी गेले. शालूबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, सहा रुपयांत येतं काय. भाऊ म्हणाले, "सहा रुपये येत्यात."

त्यांच्या शेजारी गोरखचं शेत होतं. गोरखनं हरितगृहात गुलाब लावला होता आणि फुलं ठेवायला एक गार खोलीही बांधली होती, त्यामुळं त्याचं लाईट बिल पाच हजारांच्या घरात जायचं. ऐन लग्नसराईत फुलांच्या गडबडीत बिलाची तारीख आली आणि त्याला लोणावळ्याला जाऊन रांगेत उभं राहायला सवड होईना. कुंपणापाशी तो ते शालूबाईंना सांगत होता. ओटीवरून भाऊंचा आवाज आला, की आण इकडं, मी भरतो.

गोरखला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. भाऊंनी कुणाला काही देऊ केल्याचं गावाला आठवत नव्हतं. पण भाऊंनी खरंच चष्मा लावला, बारा आकडी ग्राहक क्रमांक एकेक आकडा मोठ्यानं उच्चारत फोनमध्ये घातला, गोरखकडून तो पुन्हा वदवून घेतला आणि बिल भरून टाकलं. गोरखनं रोख पैसे मोजून दिले. भाऊ स्वभावानं लपवाछपवी करणारे नव्हते. यात मला टक्का मिळतो बरं का, हे त्यांनी लगेच सांगून टाकलं.

"मिळू दे की भाऊ," गोरख म्हणाला. "माझा लोणावळ्याचा हेलपाटा वाचला."

गोरखनं ही गोष्ट चार जणांना सांगितली, थोडी गंमत म्हणून आणि थोडी सोय म्हणून. पुढच्या महिन्यात आळीतली पाच बिलं आली. त्याच्या पुढच्या महिन्यात दहा-बारा. दिवाळीपर्यंत वीसबावीस घरांची बिलं भाऊंच्या ओटीवर यायला लागली. दुपारी तीनला भाऊ चष्मा पुसून बसायचे. माणूस यायचा, बिल द्यायचा, आकडे वदवले जायचे. कुणी आकडा चुकला तर भाऊ त्याला पहिल्यापासून म्हणायला लावायचे. स्टोअरची खिडकी पुन्हा उघडली होती. फरक इतकाच की आता माणसं खिडकीच्या आत येऊन बसत होती.

आली तशी बसतही होती, आणि तिथंच हिशेब बिघडला. पहिल्यांदा शालूबाईंनी चहा केला तो येसूबाईसाठी. येसूबाई ऐंशीच्या पुढची, वाकून चालणारी, आणि भाऊंना हौशा म्हणणारी गावात उरलेली एकमेव व्यक्ती. तिला चहा दिला आणि शेजारी बसलेल्याला दिला नाही, असं कसं चालेल. मग दोघांना झाला, मग चौघांना, मग गवती चहा आणि आलं घालून पातेलंच चढायला लागलं. बिलं वाटली की पुढचे आठ दिवस ओटीवर बाजार भरल्यासारखं व्हायचं. ज्यांची बिलं भरून झाली होती तेही दुसऱ्याच्या बिलाबरोबर यायचे.

एका महिन्याच्या शेवटी शालूबाईंनी विचारलं, टक्का किती जमला. भाऊंनी अभिमानानं दीडशे सांगितले.

"दूधच दोनशेचं जादा आलंय," शालूबाई म्हणाल्या. "साखर माझ्या माहेरनं आली आसं समजा."

तिसऱ्या दिवशी भाऊ लोणावळ्याच्या बाजारातून अंगठ्याएवढे छोटे कप घेऊन आले. कप कार्डावर घेतल्यामुळं त्यांच्यावरही टक्का मिळाला होता, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. कप लहान झाल्यामुळं लोक दोन-दोन वेळा घ्यायला लागले.

पण भाऊंना हळूहळू एक नवाच नाद लागत होता, आणि तो टक्क्याचा नव्हता. बिलावरच्या युनिटांतून त्यांना घरं दिसायला लागली. अमक्याकडं फ्रीज आला, तमक्याची पोर परीक्षेसाठी जागते, धोंडाबाईंच्या घरात गेले तीन महिने पंखासुद्धा फिरत नाही म्हणजे त्या लेकीकडं गेल्यात. एकदा येसूबाईचं बिल एकदम दुप्पट आलं. भाऊ बिल भरायच्या आधी तिच्या घरी जाऊन आले. जुन्या फ्रीजचं दार नीट मिटत नव्हतं आणि तो रात्रंदिवस धडधडत होता. दुसऱ्या दिवशी भाऊंनी त्या दाराचं रबर आणून बसवलं. येसूबाई पैसे द्यायला लागली तर घेतले नाहीत. येसूबाईनं ही बातमी सगळ्या गावात केली, पण हौशानं पदरचे पैसे घातले यावर कुणाचा विश्वास बसेना. म्हातारीला विस्मरण व्हायला लागलंय, असं दोघांतिघांनी ठरवूनही टाकलं.

किराणा, खतं, औषधं असा घरचा खर्चही भाऊ कार्डावरच करत होते, त्यामुळं वर्ष सरलं तेव्हा दीड लाख केव्हाच ओलांडले होते. कार्ड बँकेच्या टेबलावर ठेवून यायचा बेत भाऊंनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या वर्षी आषाढात एक लांबलचक इंग्रजी मेसेज आला. भाऊंनी तो तीनदा वाचला आणि अपेक्षाला फोन लावला. तिनं वाचून सांगितलं, की या महिन्यापासून लाईट बिल, गॅस आणि पेट्रोल यांच्यावर टक्का मिळणार नाही. हा खर्च आता दीड लाखांतही धरला जाणार नाही.

"आधी तर तसं ठरलं नव्हतं," भाऊ म्हणाले.

"आबा, अटी लागू, असं लिहिलेलं असतं."

"कुटल्या अटी?"

"ज्या बदलतात त्या," अपेक्षा म्हणाली आणि हसली. मग आबा हसत नाहीत हे लक्षात आल्यावर तिनं विषय बदलला.

भाऊ दुसऱ्याच दिवशी पावसात भिजत लोणावळ्याला गेले. कारखान्यात गेट पासाचा रंग बदलायचा तरी मोठ्या साहेबांची सही लागायची, आणि इथं सगळा कायदाच एका मेसेजवर बदलला होता. तेजलनं त्यांना बसवून घेतलं. तिच्या स्वतःच्या कार्डालाही हेच झालं होतं. तिनं बारीक अक्षरातली ती ओळ काढून दाखवली: सूचना देऊन अटी बदलण्याचा हक्क बँकेकडे राहील. भाऊंनी ती ओळ बोटानं दोनदा वाचली आणि विचारलं, "आन् गिऱ्हाइकाला सूचना देऊन काय बदलता येतं?"

तेजलला हसू आलं. ती म्हणाली, "काका, कार्ड बंद करता येतं." मग तिनं त्यांच्यासाठी चहा मागवला. बँकेचा चहा पिताना भाऊंना जरा बरं वाटलं. निदान आज बँकेचं दूध जात होतं.

घरी येताना त्यांचा निश्चय झाला. उद्यापासून कुणाचं बिल घ्यायचं नाही. सरळ सांगायचं, की बाबांनो, टक्का बंद झाला, आता तुमची तुम्ही सोय बघा. त्यांनी हे शालूबाईंनाही सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन पहिल्यांदा येसूबाईच आली. पदरात बिल आणि चार कोवळ्या काकड्या. ती ओटीवर टेकली आणि नातसुनेच्या तक्रारी सांगायला लागली. भाऊंनी सांगायला तोंड उघडलं, मिटलं आणि ते चष्मा काढून पुसायला लागले. थोड्या वेळानं गोरख आला, मग आणखी दोघं आली. त्या दिवशी सात बिलं भरली गेली आणि टक्का शून्य मिळाला. आतून शालूबाई हे सगळं बघत होत्या. चहात आलं जरा जास्तच पडलं होतं.

पुढच्या महिन्यातही तेच झालं. गणपतीनंतर सांगू, म्हणाले. मग दसऱ्यानंतर. मग भातकापणी होऊन जाऊ दे, म्हणाले. तोट्यातला धंदा आयुष्यात कधी न केलेला हा माणूस महिन्याच्या महिन्याला वीसबावीस घरांची बिलं फुकट भरत होता, वर चहा पाजत होता, आणि कुणाला कळू नये म्हणून पूर्वीसारखाच टक्का मिळाल्याच्या थाटात मान डोलवत होता.

होळी जवळ आली तसं साडेसातशेचं भूत पुढं उभं राहिलं. बिलं दीड लाखांत धरायची नाहीत म्हटल्यावर भाऊंच्या खर्चात मोठं खिंडार पडलं होतं. त्यांनी बेरीज केली तर सोळाएक हजार कमी भरले. शुल्क भरायचं नाही, हे तर ठरलेलंच होतं. आधी त्यांना गोरखची आठवण झाली. गोरखला हरितगृहावरचा प्लास्टिकचा कागद बदलायचा होता. भाऊ त्याच्याबरोबर तळेगावच्या दुकानात गेले आणि मोठ्या रुबाबात कार्ड काढलं. दुकानदारानं सांगितलं, कार्डानं दिले तर दोन टक्के वर पडतील. एक टक्का मिळवायला दोन टक्के द्यायचे, या गणितानं भाऊंना अंगावर पाल पडल्यासारखं झालं. गोरखनं रोख पैसे दिले आणि दोघं परत आले.

संध्याकाळी शालूबाई पावटे सोलत बसल्या होत्या. भाऊ शेजारी बसून विचार करत होते, की घरात काय कमी आहे. त्यांना काहीच कमी दिसत नव्हतं.

"कपडं धुयाचं मशीन घ्या," शालूबाई म्हणाल्या.

भाऊंनी नेहमीच्या सवयीनं सांगितलं की वारा फुकट आहे.

"वारा फुकट हाय, पण पावसाळ्यात त्यो वलाच असतो," शालूबाई पावट्यांवरून नजर न उचलता म्हणाल्या. "चार महिनं घरात दोऱ्या बांधून कपडं वाळवतीय मी. तुमच्या कारखान्याच्या शर्टालासुद्धा चुलीचा वास यायचा. तुमाला कुणी सांगितलं न्हाई, कारण तुमच्याजवळ कुणी बसतच नव्हतं. आता बसत्यात."

भाऊंनी आपल्या बाहीचा वास घेतला. मार्च महिना होता. वास काही आला नाही. तरी त्यांनी दुसऱ्या बाहीचाही घेऊन पाहिला.

होळीच्या आदल्या दिवशी दोघं लोणावळ्याच्या दुकानात गेली. भाऊंना वाटलं होतं की यंत्र निवडायला दुपार जाईल. शालूबाईंनी आत जाऊन सरळ एका यंत्रावर हात ठेवला, त्यात पिळून वाळत आल्यासारखे कपडे बाहेर येतात, पाणी किती लागतं, किती वर्षांची हमी आहे, हे सगळं दुकानदारालाच सांगितलं आणि सतरा हजारांना ठरवूनही टाकलं. हे हिला कधी कळलं, हा प्रश्न भाऊंना पडला, पण ते दुकानदाराला कार्डावर वर काही पडत नाही ना, हे विचारण्यात गुंतले होते. काही पडत नव्हतं. शुल्क आणि कर मिळून नऊएकशे रुपये वाचवण्यासाठी सतरा हजार खर्च करून हौशीरामभाऊ समाधानानं घरी आले. गोरखनं यंत्र उतरवायला हात लावला आणि, भाऊ, असंच वाचवत राहिलात तर पुढच्या वर्षी मोटार येईल, असं म्हणून घेतलं.

पंधरा दिवसांनी कार्डाचा हिशेब आला. त्यात शुल्क लागलेलं होतं.

भाऊंनी बँकेच्या फोन नंबरावर फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलीचा गोड आवाज आला. तिनं तपासून सांगितलं, की वर्ष कार्ड हातात आल्यापासून धरत नाहीत, कार्ड तयार झाल्याच्या तारखेपासून धरतात. म्हणजे भाऊंचं वर्ष होळीच्या आधीच संपलं होतं. यंत्राचे सतरा हजार नव्या वर्षात गेले होते. नव्या वर्षाची सुरुवात छान झाली आहे, असंही ती म्हणाली.

ही तारीख अपेक्षाला ठाऊक होती, आणि तिनं ती शालूबाईंना होळीच्या आठवडाभर आधीच सांगितली होती, असं पुढं गोरखच्या बायकोनं कुठूनसं ऐकलं. अपेक्षाला विचारलं तर ती हसते. शालूबाईंना विचारायची कुणाची छाती नाही.

भाऊ मात्र भांडायच्या तयारीनंच बसले होते. मुद्दे जुळवून ठेवले होते. पण त्यांनी पहिला मुद्दा काढायच्या आत त्या मुलीनंच विचारलं, "सर, आपल्या कार्डावरून दर महिन्याला बावीस वेगवेगळ्या मीटरची बिलं भरली जातात. ही सगळी घरं आपलीच आहेत का?"

भाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "व्हय."

"आपल्या नावावर आहेत?"

"नावावर एकच हाय. बाकीची गावातली हायेत."

"सर, म्हणजे आपण हा व्यवसाय म्हणून करता का? व्यावसायिक कामासाठी हे कार्ड चालत नाही."

"पोरी," भाऊ म्हणाले, "आठ महिनं झालं, टक्का मिळत न्हाई. वर माणशी दोन कप चहा जातोय. याला तुमच्याकडं व्यवसाय म्हणत्यात का?"

पलीकडं कळफलकाची टकटक ऐकू आली. मग ती मुलगी म्हणाली, की आपण जुने ग्राहक आहात, वेळेवर भरता, तेव्हा या वर्षीचं शुल्क आम्ही एकदाच परत करतो आहोत. मात्र दुसऱ्यांची बिलं इथून पुढं कार्डावर भरू नका. भाऊंनी जुळवलेले सगळे मुद्दे तसेच राहिले. भांडण न करता नऊशे रुपये मिळाल्याची त्यांना जरा चुटपुटच लागली.

फोन ठेवल्यावर ते ओटीवर येऊन बसले. शालूबाईंनी दाराशी उभं राहून सगळं ऐकलं होतं. आपण टक्क्याशिवाय बिलं भरतो, हे आठ महिन्यांत भाऊंनी तोंडानं पहिल्यांदाच कबूल केलं होतं, आणि तेही बँकेपाशी. शालूबाई इतकंच म्हणाल्या, की आता गावाला सांगा.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी लोणावळ्याला जाऊन कार्ड बंद करून टाकलं. तेजलनं दुसऱ्या एका कार्डाची माहिती सांगायला सुरुवात केली, त्यात म्हणे विमानतळावर फुकट जेवायला मिळायचं. भाऊंनी विचारलं, तिकडं जायला काय पडतं. तेजलनं ते माहितीपत्रक आपण होऊन खणात ठेवून दिलं.

दुपारी तीनला ओटी भरली. भाऊंनी चष्मा लावला नाही. खाकरून त्यांनी सांगितलं, की कार्ड बंद केलं, आजपासून बिलं भरता येणार नाहीत. टक्काही आषाढापासूनच बंद आहे, सांगायचं राहून गेलं होतं. तुमची गैरसोय होईल, पण इलाज नाही.

गोरख दाढी खाजवत जमिनीकडं बघत होता. मग त्यानंच सुरुवात केली.

"भाऊ, गैरसोय काय न्हाई. माझ्या फोनवर कवाचं सुरू हाय ते. दीड वर्ष झालं आसंल. मजुरांचा पगारसुद्धा मी फोनवरनंच देतो."

"मग हितं बिल कशाला आणत होतास?"

"तुमाला टक्का मिळत होता ना."

भाऊंनी बाकीच्यांकडं पाहिलं. एकेकानं कबुली दिली. याच्या पोरानं फोनमध्ये बसवून दिलं होतं, त्याच्या सुनेनं. प्रत्येक घरात बिल घरबसल्या भरलं जाऊ शकत होतं. तरी महिन्याच्या महिन्याला माणसं बँकेतून रोख काढून भाऊंच्या हातात आणून देत होती. भाऊंना एकच काय ती हौस लागली आहे, ती कशाला मोडा, असं गावानं आपापसात ठरवलेलं होतं. आणि भाऊ गावासाठी आठ महिने फुकट खपत होते. दोन्हीकडून एकमेकांवर उपकार चालले होते आणि त्या भानगडीत दूधवाल्याचं तेवढं भलं झालं होतं.

"मला तर लाईटच लागत न्हाई," येसूबाई म्हणाली. "मी सातला निजते. पर हौशा, चहा बंद करू नगंस."

भाऊ उठून आत गेले. शालूबाई पातेलं चढवत होत्या. त्यांनी भाऊंच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा चुलीकडं पाहिलं. भाऊ मडक्यापाशी गेले, पाणी प्यायले आणि बाहेर आले. मोठे कप कुठं ठेवलेत, एवढंच त्यांनी जाता जाता विचारलं.

त्यानंतरही तीन वाजता माणसं येत राहिली. बिलाशिवाय आल्यामुळं पहिले काही दिवस सगळीच जरा अवघडली. हात कुठं ठेवावेत ते कुणाला सुचेना. मग गोरखनं गुलाबाच्या पडलेल्या भावाची गोष्ट काढली आणि गाडी सुरू झाली. पाऊस लागला तसं आणखी एक झालं. शालूबाईंच्या यंत्रातून कपडे पिळून निघतात हे आळीत कळलं आणि पोरांचे शाळेचे ओले गणवेश बादल्यांतून यायला लागले. त्यांच्याबरोबर त्यांच्या आयाही आल्या. कुंपणाला टेकून बोलायची गरज उरली नाही. बायका आत, बाप्ये ओटीवर, आणि मधल्या दारातून चहा. भाऊंनी एकदा यंत्राच्या विजेचा विषय काढून पाहिला. शालूबाईंनी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

ओटीवर आता जागा पुरेना. श्रावणातल्या एका सोमवारी भाऊ स्कूटर काढून एकटेच लोणावळ्याला गेले. बाजारातल्या एका दुकानात त्यांनी प्लास्टिकच्या खुर्च्या उलट्या करून पाय तपासले, एकीवर बसून पाहिलं, दुसरीवर बसून पाहिलं. चार निवडल्या. दुकानदारानं विचारलं, कार्ड की रोख. भाऊंनी रोख सांगितलं आणि रोखीचं काही कमी होईल का, ते विचारलं. दुकानदार म्हणाला, होणार नाही. भाऊंनी बराच वेळ वाट पाहिली. बाहेर पावसाची सर येऊन गेली, दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला, तरी भाव उतरला नाही. शेवटी भाऊंनी पुरते पैसे मोजून दिले आणि सुतळी मात्र दुकानातलीच मागून घेतली. चारी खुर्च्या एकात एक घालून स्कूटरला बांधल्या आणि तीन वाजायच्या आत पोचायचं म्हणून ते घाईनं औंढ्याच्या रस्त्याला लागले.